बेचाळीस जुड्यांची गोष्ट

मखमलाबाद रोड, नाशिक
रविवार, २२ ऑगस्ट १९९९

चिरंजीव धोंडीरामास थोरल्या बहिणीचा पाठीवरून हात. (आशीर्वाद दर पत्रात देऊन देऊन गुळगुळीत झालेत, म्हणून या खेपेला नुसता हात.) तुझा गुडघा, तुझा तो डावा कान आणि आमच्या भावजयीचा, भागीबाईचा, दमा या तिघांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळव. इकडे सगळे बरे आहेत. माझाही गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच कुरकुऱ्या आहे, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. फोन मुद्दाम केला नाही. मागच्या खेपेला शेखरने मनमाडला फोन लावून दिला, तर तू पाच मिनिटं नुसता हॅलो हॅलो करत राहिलास आणि शेवटी राँग नंबर म्हणून ठेवून दिलास. सख्ख्या बहिणीला राँग नंबर. तेव्हा पत्रच बरं.

पत्र लिहून घेतेय माझी सून, प्रतिभा. तू म्हणशील त्यात विशेष काय, गेली पंधरा वर्षं तीच लिहून घेते. विशेष आहे. आज दहा दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. चहा आणून ठेवते, बोलत नाही. औषधाची गोळी तळहातावर ठेवते, बोलत नाही. पण मामांचं पत्र आलंय आणि उत्तर गेलं नाही हे तिच्या माहेरच्या वळणात बसत नाही, म्हणून आज कागद घेऊन समोर बसली आहे. तोंड बंद, पेन चालू. मला यात सोयच झाली. दहा दिवसांत जे जे बोलायचं राहिलं ते सगळं आता तिला स्वतःच्या हाताने लिहावं लागणार, आणि मध्येच उठून भांडी घासायला जाता येणार नाही. (मी हे लिहून घेत आहे याचा अर्थ मला हे पटते असा नाही. — प्र.) बघ, मी गप्प होते आणि पेन चालल्याचा आवाज आला. म्हणजे हिने आपलं काहीतरी मध्ये घुसवलं. घुसव बाई. मला अक्षर कळत नाही, पण पेनाची खरखर कळते.

आता तुझं पत्र. तू लिहितोस की रेल्वेतून रिटायर झाल्यापासून तुझा दोस्त भिकन गोष्टी लिहायला लागलाय. दर रविवारी तुझ्या ओट्यावर येतो, वाचून दाखवतो आणि कशी वाटली म्हणून विचारतो. तू दरवेळी छान म्हणतोस. त्या छानच्या जोरावर त्याने आता सव्वीस पानांची एक लिहायला घेतलीय आणि गणपतीच्या आधी ती तुला ऐकवणार आहे. चाळीस वर्षांची दोस्ती मोडायची नाही आणि सव्वीस पानं सोसायची नाहीत, तर काय बोलू ते आक्का तूच सांग, कारण तुझ्या पडवीत कथामंडळ भरतं. धोंडीराम, भरत होतं. आता भरत नाही. ते का मोडलं हे ऐकलंस की तुझं उत्तर त्यातच सापडेल, म्हणून सावकाशीने सांगते. भागीबाईला मोठ्याने वाचायला सांग आणि तिला उजव्या कानाकडे बसव.

प्रतिभा गोष्टी लिहिते हे तुला माहीत आहे. तिचं ते गुरुवारचं मंडळ, सहा बायांचं. त्यांच्या अध्यक्षबाई म्हणजे एका शाळेच्या रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका. चष्मा साखळीला बांधलेला आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप हाताची घडी घालावी. आधी मंडळ त्यांच्या फ्लॅटवर भरायचं, पण तो तिसऱ्या मजल्यावर, चढता चढता बायांचा निम्मा उत्साह जिन्यात सांडायचा. म्हणून गेल्या दिवाळीनंतर आपली पडवी ठरली. आता गुरुवार असो की शुक्रवार, चारच्या सुमाराला शेखर मळ्यातून उपटलेली मेथी पडवीत आणून ओततो, मी जुड्या बांधते आणि पहाटे तो त्या मार्केटला नेतो. हे काम मी लग्न होऊन आल्यापासून करते, साहित्यासाठी ते बंद करायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा एका कोपऱ्यात मेथी आणि मी, आणि बाकीच्या पडवीत मंडळ. मला कुणी ऐका म्हटलं नाही. पण कानाला झाकण नसतं.

तुला आठवत असेल, लहानपणी आई गोष्ट सांगायला लागली की माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहायची आणि मग वडील ओरडायचे. माझं अजून तसंच आहे. ऐकण्यात जीव गुंतला की हात थांबतात. जीव गुंतला नाही की हात म्हणतात, चला, आपण तरी काम उरकून घेऊ, आणि सुटतात. हे तुला माहीत, मला माहीत. मंडळाला माहीत नव्हतं. पहिल्याच महिन्यात अध्यक्षबाईंनी स्वतःची कथा वाचली. नदीकाठी एक बाई बसलेली असते आणि समोर सूर्य मावळत असतो. धोंडीराम, तो सूर्य तासभर मावळला. बाई उठेना आणि सूर्य बुडेना. माझ्या बेचाळीस जुड्या झाल्या. कथा संपल्यावर अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, माझ्यापुढचा ढीग पाहिला आणि सगळ्यांना म्हणाल्या, बघा, या माउलीला अक्षरओळख नाही, पण कथेने तिच्या हातांना कसा वेग दिला. सगळ्या माझ्या हातांकडे बघायला लागल्या. मी हात पदराला पुसले आणि गप्प बसले. (गप्प बसायला नको होतं. पण बाई पाहुणी होती आणि पोहे अजून यायचे होते.)

त्या दिवसापासून मंडळात जुड्यांचं माप सुरू झालं. कथा संपली की आधी एकमेकींचं बोलणं ऐकून घ्यायच्या आणि मग हळूच माझ्या ढिगाकडे नजर टाकायच्या. एकीच्या सव्वीस झाल्या तर ती पुढच्या गुरुवारी चांदण्याची दोन पानं वाढवून आणायची, की झाल्या तिच्या तेहतीस. झुळूक सुटली, मोगरा दरवळला, असं काही कानावर आलं की मी समजायचे, आज उजेडी उरकणार. शेखर तर खूश. म्हणाला, आई, हे मंडळ आठवड्यातून दोनदा भरवता येतं का बघ, मला बाई लावायला नको. (हे ह्यांनी खरोखर म्हटले होते. — प्र.)

आणि त्या एकमेकींना सांगायच्या काय, तेही ऐकून ठेव, कारण तुझा प्रश्न तोच आहे. एक होती ती तुझ्यासारखी, सगळ्यांना छान. लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ नसलं तरी छान म्हणणारा पाहुणा असतो ना, तशी. त्याचं काही बिघडत नाही, त्याला आहेर करून बस गाठायची असते. पण आचारी पुढच्या लग्नातही मीठ विसरतो. दुसरी होती तिला प्रत्येकीचा शेवट बदलायचा असायचा. मी असते तर त्याला मारला असता, म्हणायची. सहा महिन्यांत तिने दुसऱ्यांच्या गोष्टींतली नऊ माणसं मारली. आपण भेंडी घेऊन बाजारात बसावं आणि गिऱ्हाइकाने म्हणावं, बाई, तुम्ही वांगी का नाही लावली, असला तो प्रकार. अगं, भेंडी आहे. कोवळी आहे की जून तेवढं सांग. आणि अध्यक्षबाई तर लाल पेन घेऊन बसायच्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकीलाही जिवंत सोडायच्या नाहीत. बाजारातलं जाणतं गिऱ्हाईक काय करतं, ढिगातली एक भेंडी उचलतं, टोक मोडतं, आवाजावरून ओळखतं आणि घ्यायची तर घेतं. ढिगातली प्रत्येक भेंडी मोडून बघतं ते गिऱ्हाईक नव्हे, ते मोकाट जनावर.

जूनमध्ये फुलाबाईची पाळी आली. फुलाबाई आपल्याच गल्लीतली, एका दवाखान्यात आया होती. मंडळात ती मुख्यतः कप गोळा करायची. तिने भीत भीत दीड पान लिहून आणलं होतं. दवाखान्यात एक रोगी दगावतो, त्याची माणसं त्याला घेऊन जातात, पण त्याचा जेवणाचा डबा मागे राहतो. आया तो घासून पुसून ठेवते, की कुणी न्यायला येईल. कुणी येत नाही. डबा कशाला वापरलेलाच नसतो, तरी आया रोज तो पुन्हा घासते. संपली गोष्ट. माझ्या हातात पाचवी जुडी होती, ती हातातच राहिली.

बायांनी ढिगाकडे पाहिलं तर चारच जुड्या. सगळ्यांचे चेहरे असे झाले की जणू फुलाबाईच्याच घरचं कुणी गेलंय. अध्यक्षबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हरकत नाही, पहिलाच प्रयत्न आहे, थोडं निसर्गवर्णन घाला. फुलाबाईने कागदाची घडी घातली, त्या घडीची घडी घातली, ती कमरेला खोचली आणि कप उचलायला लागली. ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, फुले, ठेव ते कप खाली. माझे हात थांबले ते तुझ्या डब्याने थांबवले. मी कंटाळले की हात पळतात.

 प्रत्येक बाई मनात आपापला आकडा आठवत होती. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू अध्यक्षबाईंकडे वळल्या, कारण बेचाळीसच्या वर कुणीच गेलं नव्हतं.

अध्यक्षबाई शिकलेल्या, त्यामुळे तिथल्या तिथे चिडल्या नाहीत. दोन महिने थांबल्या. (शिकलेलं माणूस राग लोणच्यासारखा मुरू देतं.) तोवर प्रतिभाने एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेसाठी कथा लिहून काढली होती. सगळा उन्हाळा, दुपारी घर झोपलं की ती माठाशेजारी बसून लिहायची. पाठवायची शेवटची तारीख एकतीस ऑगस्ट. बारा तारखेच्या गुरुवारी तिने ती मंडळात वाचली. नाव 'उंबऱ्यावरची माउली'. एक नवी सून आणि तिची सासू. वाचून झाली तशा अध्यक्षबाई म्हणाल्या, आज आम्ही कुणी तोंड उघडणार नाही, आज आजी बोलतील, सगळ्यांसमोर आणि अगदी खरं. आणि माझ्याकडे बघून अशा हसल्या की मांजराने झाकण सरकलेल्या पातेल्याकडे बघावं. मला डाव कळला होता. छान म्हटलं तर घरची म्हणून पदरात घेतली असं होणार, नाही म्हटलं तर घरात ठिणगी. पण समोर फुलाबाई कप घेऊन उभी होती. शेजारणीला खरं सांगायचं आणि सुनेला गोड, हे मला जमणार नव्हतं. मी खरं सांगितलं.

त्या गोष्टीतली सासू म्हणजे काय सांगू तुला. पांढरे केस, डोळ्यांत माया, तोंड उघडलं की मध. सून उंबऱ्यावर येते तर डोक्यावरून हात फिरवून म्हणते, पोरी, आजपासून तूच माझी लेक. सुनेकडून दूध उतू जातं तर म्हणते, असू दे, दुधालासुद्धा तुला बघायचं असेल. पस्तीस जुड्या. मी म्हटलं, प्रतिभा, ही बाई कोण आहे? पंचवटीपासून घोटीपर्यंतच्या बाजारांत बसून माझं वय गेलं, असली सासू मला कुठल्या बाजारात भेटली नाही. ही जिवंत आहे की भिंतीवरच्या फोटोतली? हिला घाम येत नाही का? हिच्या सुनेने पंधरा वर्षांत एकदाही भिंतीकडे तोंड करून दात खाल्ले नाहीत का? बाया हसल्या. मला वाटलं, बोलणं रुचतंय. म्हणून आणखी चार वाक्यं बोलले, ती इथे लिहीत नाही. (त्यांतली दोन मला पाठ आहेत. — प्र.) प्रतिभाने कागद गोळा केले, आत गेली, स्टुलावर चढली आणि ते माळ्यावर गणपतीच्या मखरामागे टाकून दिले. शेखरला म्हणाली, स्पर्धेला काही पाठवायचं नाही आणि यापुढे काही लिहायचंही नाही. तेव्हापासून पडवीत मी आणि मेथी. (त्या सासूचे केस पांढरे होते कारण आईंचे पांढरे आहेत. — प्र.) आता काय खरडलंस ते मला न वाचता कळलं. ती सासू मीच, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. हिने मला हार घातला आणि मी तो चारचौघींत काढून त्यातलं एकेक कागदी फूल वेगळं करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली, शेखरने वाचून दाखवली. मंडळ यापुढे त्यांच्या फ्लॅटवर भरेल. मी मंडळाची, आणि विशेषतः नदीकाठच्या त्या कथेची, लेखी माफी मागितली तर पडवीचा पुन्हा विचार करता येईल. लेखी, धोंडीराम. जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिच्याकडून लेखी. मी शेखरकडून शाईचं पॅड आणवलं, एका कोऱ्या कागदाच्या तळाशी अंगठा उठवला आणि तो त्यांना पाठवून दिला. सोबत निरोप, की वरचा मजकूर तुम्हीच घाला, तुम्हाला लांब लिहायची सवय आहे. उत्तर आलेलं नाही.

तर माफी मी मागणार नाही. अध्यक्षबाईंची नाही, मंडळाची नाही, आणि समोर नाक फुगवून लिहीत बसलेल्या बाईची तर नाहीच. (नाक फुगलेले नाही. — प्र.) पन्नास वर्षं मी जुड्या बांधल्या, पिवळं पान आत दडपून वरून हिरवं लावायचं मला कधी साधलं नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन जुडी सोडतं तेव्हा आपण तिथे नसतो, पण शिवी आपल्याच नावाने पडते. त्या दिवाळी अंकाच्या लोकांनी जुडी सोडली असती आणि आतून ती मधाची सासू निघाली असती, तर शिवी कुणाला पडली असती? माझ्या सुनेला. ती पडू नये म्हणून मी जुडी घरातच सोडली. यात माझं काय चुकलं ते कुणी मला सांगावं. (पेन थांबवू नकोस. उत्तर मागितलेलं नाही, नुसतं लिही.)

एक चुकलं. ही माफी नव्हे. भिकनच्या वेळी तुझ्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. मी खरं सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. पस्तीस जुड्या झाल्या हे खरं, पण छत्तिसावी झाली नाही हे मी कुणाला कळू दिलं नाही. त्या गोष्टीच्या शेवटच्या पानावर एक जागा आहे. सासू जुड्या बांधताना सुतळीचं टोक दातांत धरते. सुनेशी बोलायचं झालं तरी ती ते सोडत नाही, दातांतल्या दातांत बोलते, त्यामुळे सुनेला पंधरा वर्षं कळलेलं नाही की ही रागावलीय की नुसतं काम चाललंय. धोंडीराम, ते कानावर आलं आणि सुतळी माझ्या दातांतून खाली पडली. इतकी वर्षं ही चुलीपाशी बसून न बोलता माझ्याकडे बघत होती, आणि मी समजत होते ही घड्याळाकडे बघते. ती अर्धी राहिलेली जुडी मी पदराखाली सारली आणि तोंड उघडलं ते मधाच्या सासूबद्दल. उणं बोलायला मला चार बाया पुरल्या. चांगलं बोलायची त्याच चौघींसमोर लाज वाटली. आणि कहर म्हणजे अध्यक्षबाईंनी आधी हिला एकटीला गाठून नेमकी तीच जागा काढायला सांगितली होती, सासूच्या दातांत सुतळी शोभत नाही म्हणून. (हे आईंना कुणी सांगितले? — प्र.) फुलाबाईने सांगितलं. मी उत्तर बरोबर दिलं ना?

आता ती सासू खरी कशी होती ते सांगते. सून उंबऱ्यावर आली तेव्हा ती म्हणाली, पाय नीट पूस, आत्ताच सारवलंय. तिसऱ्या दिवशी मेंदीच्या हातांनी तिला मेथी उपटायला बसवलं. गुळाचा डबा कणगीमागे ठेवला आणि उंदरांसाठी ठेवलाय असं सांगितलं. सून वाणसामानाच्या पुडीचा कागद सोडायची, मांडीवर घासून सरळ करायची आणि वाचत बसायची, तेव्हा सासू म्हणाली, वाचून भाकरी फुगत नाही. हे सगळं सुनेला माहीत आहे, आणि गोष्टीत यातलं एक अक्षर नाही. का, तर सासू समोर मेथी घेऊन बसलेली. मला भिऊन लिहायचं, मलाच ऐकवायचं, आणि मंडळाने म्हणायचं आजी खरं सांगा.

आणि एक सुनेला माहीत नाही, ते तिने आता लिहून घ्यावं. ते पुडीचे कागद अर्धे फाडलेले असायचे. ही वाचत वाचत फाटलेल्या कडेशी यायची आणि तशीच बसून राहायची, की पुढे काय झालं असेल. दोन महिने मी ते चुलीआडून बघितलं. मग एक दिवस वाण्याकडे गेले आणि त्याला सांगितलं, आमची डाळ, आमची साखर, काय असेल ते आख्ख्या पानात बांधायचं, फाडायचं नाही, आणि पान गोष्टीचं बघून घ्यायचं. मला कळत नाही कुठलं गोष्टीचं आणि कुठलं बाजारभावांचं, तू बघ. त्याबद्दल त्याला दर बुधवारी शेपूची एक जुडी पोचवली, त्याने दुकान बंद केलं तोपर्यंत. आमच्या सुनेला अजून वाटतं तो वाणी फार भला माणूस होता, गिऱ्हाइकाचं मन ओळखायचा. भला कसला. एकदा शेपू दिली नाही तर साखर सिमेंटच्या जाहिरातीत बांधून पाठवली त्याने.

पेन थांबलंय, धोंडीराम. बराच वेळ झाला. हात थांबला की काय समजायचं ते मी वर सांगितलेलंच आहे. मला घाई नाही, बाजूला मेथी आहे.

चाललं. तर भिकनचं असं कर. सव्वीसच्या सव्वीस पानं ऐक, मध्ये बोलू नकोस, घड्याळाकडे बघू नकोस. भागीबाईला सांगून पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा सोलायला घे. ज्या पानाला शेंग बोटांत तशीच राहील ते पान लक्षात ठेव. गोष्ट संपली की आधी ते पान सांग. छान म्हणू नकोस, पान सांग, त्यात कोण काय करत होतं ते सांग, म्हणजे तू जागा होतास हे त्याला कळेल. मग टरफलांचा ढीग कुठे वाढला ते सांग. तो विचारेल की मग दुरुस्त कसं करू, तर म्हण, ते तुझं तू बघ, भेंडी तुझी आहे. आणि हे सगळं तो एकटा असताना. ओट्यावर चार म्हातारे हसायला टपलेले असताना नको. ऐकणारे हसले की बोलणारा वाहवतो. हे मी या वयात शिकले, पण मी काही शिकले असं मनमाडात सांगत फिरू नकोस. त्यानंतरही तो रागावला तर रागावू दे. चाळीस वर्षांच्या दोस्तीला एवढं सोसत नसेल तर ती आताच गेलेली बरी. पण येईल तो. ज्याला खरंच लिहायचंय तो येतो.

भागीबाईला सांग, दम्याला अडुळसा बरा. तुझी आक्का, ठमाबाई. खालचा अंगठा माझा आहे, आणि तो वरचा मजकूर घातल्यावर उठवलेला आहे.

ता. क. पत्र वाचून घेतलं. जिथे जिथे मी लय म्हटलं तिथे हिने फार केलंय. राहू दे. नाक फुगलेलं नाही असं लिहिलंय तेही राहू दे, तुला फोटो पाठवता येत नाही.

ता. क. दुसरा. धोंडीराम, या पत्राचं उत्तर तू नाही पाठवलंस तरी चालेल. येत्या गुरुवारी चार वाजता पडवी मोकळी आहे. मखर मी शेखरकडून माळ्यावरून खाली काढून घेतलं आहे (गणपती जवळ आलेत म्हणून, दुसरा अर्थ काढू नये) आणि त्यामागे जे काही होतं ते झटकून माठाशेजारी ठेवलं आहे. कुणाला एकीलाच काही ऐकवायचं असेल तर मी जुड्या बांधणार नाही, हात मोकळे ठेवून बसेन. हे मी तुझ्या दाजींसाठीही कधी केलं नाही.

ता. क. तिसरा. तरी माफी नाही.

शनिवार, २८ ऑगस्ट

ती. मामांस सा. न. पत्र लिहून झाले तरी आठवडाभर माझ्याजवळच राहिले, क्षमा असावी. सोमवार ते बुधवार मी ती सासू काढून टाकली आणि दुसरी घातली. गुळाचा डबा आला, सारवण आले, वाणी आला. सुतळी होती तिथेच आहे. गोष्टीचे नाव आता 'आख्खे पान'. गुरुवारी आई कबूल केल्याप्रमाणे हात मोकळे ठेवून बसल्या नाहीत. मेथीचा ढीग पुढ्यात घेऊनच बसल्या. म्हणाल्या, मोकळ्या हातांनी ऐकलं तर गोष्ट लागली की नाही हे मला तरी कसं कळणार. मी पाऊण तास वाचत होते. संपल्यावर, शेवटून दुसरे पान लांबले आहे, एवढेच म्हणाल्या. ते मी कापले आणि काल कथा रजिस्टर पोस्टाने पाठवली. काल पहाटे ह्यांना मार्केटला न्यायला पडवीत एकही जुडी नव्हती. नुसता ढीग होता, तोही माना टाकलेला. ह्यांनी काय म्हटले ते लिहीत नाही.

गुरुवार रात्रीपासून आमच्याकडे दोन्ही वेळा मेथीचीच भाजी आहे. आज आईंना विचारले, कशी झालीय. म्हणाल्या, मीठ कमी आहे. आणि मग, मी काही न विचारता, दातांत सुतळी असल्यासारख्या पुटपुटल्या, डाळ मात्र मोकळी शिजलीय.